पोस्ट दोनदा निखळली. पण दोष सीलरचाच कशावरून?

पत्र थोडक्यात असं: इंदूरला सुदामानगरात राहणाऱ्या, बँकेत नोकरी करणाऱ्या एका ताईंच्या वरच्या, सुळ्याच्या अलीकडच्या दाताचं तीन वर्षांपूर्वी रूट कॅनॉल झालं. दात फार किडला होता, म्हणून दाताच्या मुळात फायबर पोस्ट (काचतंतूंची बारीक खुंटी) बसवून वर कॅप घातली. हे सगळं केलं त्यांच्या चुलत दिरांनी. घरचाच दवाखाना, त्यामुळे पैशांचा विषय निघाला नाही. अडीच वर्षं सुरळीत गेली. मागच्या थंडीत सराफा बाजारात गराडू (तळलेला कंद) खाताना कॅप पोस्टसकट हातात आली. दुसऱ्या दिवशी घरी हळदीकुंकू होतं, म्हणून भाऊजींनी तीच घाईघाईने पुन्हा चिकटवून दिली. पाच महिन्यांनी, साधी पोळी खाताना, परत तेच. या वेळी ताई दुसऱ्या डॉक्टरांकडे गेल्या. ते म्हणाले, "आधी लवंगेच्या तेलाचं सीलर वापरलेलं असणार. त्यावर पोस्ट धरतच नाही. रूट कॅनॉल पुन्हा करू, बायोसिरॅमिक सीलर घालू, मग नवी पोस्ट." या गोष्टीला तीन आठवडे झाले. निखळलेली कॅप कुंकवाच्या रिकाम्या डबीत पडून आहे. इम्प्लांट केलेली बँकेतली मैत्रीण म्हणते, काढून टाक आणि तूही इम्प्लांट कर. यजमान म्हणतात, भावाला आता काही विचारू नकोस, त्याला वाईट वाटेल. ताईंचे प्रश्न तीन: सीलरमुळे खरंच असं होतं का? रूट कॅनॉल पुन्हा करावंच लागेल का? आणि भाऊजींचं काम चुकलं हे त्यांना सांगायचं कसं?

ताई,

तिसरा प्रश्न विचारताना पहिल्याचं उत्तर तुम्ही गृहीतच धरलंय. भाऊजींचं काम चुकलं, हे अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. दुसऱ्या डॉक्टरांनीही अंदाजच सांगितलाय. एक्स-रेवर सीलर (मुळातल्या भरणाच्या फटी बुजवणारं द्रव्य) पांढरं दिसतं, बस. ते लवंगेच्या तेलाचं आहे की आणखी कशाचं, हे त्या पांढऱ्या रंगावरून ओळखता येत नाही. जुनं भरण उकरताना लवंगेचा वास आला असेल तर गोष्ट वेगळी. तसा वास आला होता का, एवढं त्यांना जरूर विचारा.

अंदाज म्हणून मात्र तो वाईट नाही. झिंक ऑक्साइड आणि युजेनॉल यांचं सीलर 1930च्या दशकापासून जगभर वापरात आहे, स्वस्त आहे, आणि आपल्याकडे अजूनही कितीतरी दवाखान्यांत तेच असतं. युजेनॉल म्हणजे लवंगेच्या तेलातलं मुख्य द्रव्य. दवाखान्यात शिरल्या शिरल्या येणारा तो ओळखीचा वास बहुतेक वेळा त्याचाच.

आता पोस्टशी त्याचं काय वाकडं, ते सांगतो. रूट कॅनॉलमध्ये मुळातली नळी साफ करून तिच्यात गटा-पर्चा नावाचं गुलाबी रबरासारखं द्रव्य भरतात, आणि ते व भिंत यांच्यातल्या फटी बुजवायला सीलर लावतात. पोस्ट बसवायची असेल तेव्हा या भरणाचा वरचा भाग उकरून काढतात, टोकाकडचा चार-पाच मिलिमीटर तेवढा ठेवतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत रेझिन सिमेंट लावून पोस्ट बसवतात. हे सिमेंट घट्ट होतं ते त्यातल्या लहान लहान रेणूंची साखळी जुळत गेल्यामुळे. साखळी पुढे नेणारं जे टोक असतं, त्याला फ्री रॅडिकल म्हणतात. युजेनॉल हे फिनॉल वर्गातलं. ते आपल्याजवळचा हायड्रोजन त्या टोकाला देऊन टाकतं आणि साखळी तिथेच खुंटते. म्हणजे भिंतीलगतचं सिमेंट, जिथे ते सगळ्यात घट्ट व्हायला हवं नेमकं तिथेच, अर्धवट मऊ राहण्याची भीती. शिवाय झिंक ऑक्साइडबरोबर घट्ट झालेलं युजेनॉल कायमचं बांधलेलं राहत नाही. ओल लागली की थोडं थोडं सुटत राहतं आणि डेंटिनच्या, म्हणजे दाताच्या आतल्या मुख्य भागाच्या, सूक्ष्म नलिकांमध्ये झिरपतं. अशा नलिका एका चौरस मिलिमीटरात हजारोंनी असतात.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर: होय, असं होऊ शकतं. काढलेल्या दातांवर प्रयोगशाळेत जे प्रयोग झाले, त्यांत मुळाच्या चकत्या कापून पोस्ट दाबून बाहेर ढकलायला किती जोर लागतो ते मोजतात. युजेनॉलच्या सीलरनंतर तो जोर कमी भरतो, असं पुष्कळ प्रयोगांत दिसलं. काहींत फरक पडला नाही. फरक न पडण्याचं एक कारण उघड आहे: पोस्टची जागा करताना भिंतीवरचा थर किती खरवडला गेला, यावर सगळं ठरतं. युजेनॉल झिरपलेला पातळ थर काढून खालचं ताजं डेंटिन उघडं केलं, तर सिमेंटला तक्रार करायला जागा उरत नाही.

इथे तुमच्या नव्या डॉक्टरांच्या बोलण्यात मला एक उडी दिसते. लवंगेचं वाईट, तर बायोसिरॅमिक चांगलं, अशी. बायोसिरॅमिक सीलर कॅल्शियम सिलिकेटचं असतं, डेंटिनमधल्या ओलीवरच घट्ट होतं, मुळाच्या टोकाशी उत्तम काम करतं. मलाही ते आवडतं. पण पोस्ट चांगली धरावी म्हणून ते घालायचं, हे काही पटत नाही. ते भिंतीला इतकं पक्कं बसतं की पोस्टच्या जागेतून पूर्ण काढणं अवघड जातं, आणि त्याच्या उरलेल्या थराचा सिमेंटवर काय परिणाम होतो याचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. इपॉक्सी रेझिनच्या सीलरचा अनुभव या बाबतीत जास्त आहे. त्याचं रेझिन सिमेंटशी रासायनिक वैर नाही. पण तेही भिंतीवर लेपासारखं राहिलं तर सिमेंट दाताला न धरता त्या लेपाला धरतं, आणि मग जोड लेपाइतकाच भक्कम. कपाळाला तेल असेल तर कुठल्याही कंपनीची टिकली पडते. तेल खोबऱ्याचं की बदामाचं, हे विचारून उपयोग नाही. पोस्टच्या जागेपुरतं पाहिलं तर कुठलंही सीलर ही साफ करायची घाण आहे. युजेनॉलचं असेल तर जरा जास्त त्रासाची, इतकंच.

आणि आता तुमच्याच पत्रातली एक गोष्ट. पहिली पोस्ट अडीच वर्षं टिकली. युजेनॉलचा उपद्रव होतो तो मुख्यतः सिमेंट घट्ट होण्याच्या त्या काही मिनिटांत. त्या वेळी ते नीट घट्ट झालंच नसतं, तर पोस्ट काही आठवड्यांत किंवा महिन्यांत हलायला लागली असती, असं मी धरून चाललो असतो. कच्चा जोडसुद्धा नळीतल्या घर्षणावर आणि कॅपच्या पकडीवर काही काळ तगतो, हे खरं. म्हणून सीलरला मी अगदी निर्दोष सोडत नाही. पण अडीच वर्षांनंतर, गराडूसारखा कडक तळलेला तुकडा पुढच्या दातांनी तोडताना निखळली, तर माझा पहिला संशय दुसरीकडे जातो.

तो कुठे, हे त्या डबीतली वस्तू सांगेल. दिवसाउजेडी, पांढऱ्या कागदावर कॅप काढून ठेवा आणि पोस्टकडे नीट पाहा. भिंग असेल तर उत्तम, नाहीतर मोबाइलच्या कॅमेऱ्याने जवळून फोटो घ्या.

पोस्टच्या अंगावर सिमेंटचा गुळगुळीत, मातकट पांढरा थर आहे का? म्हणजे सिमेंट पोस्टला धरून राहिलं आणि दाताच्या भिंतीपासून सुटलं. भिंत तेव्हा स्वच्छ नव्हती, ओली होती, किंवा तिच्यावर सीलरचा लेप होता. त्या थरावर कुठे गुलाबी किंवा नारिंगी ठिपके चिकटलेले दिसले तर तो गटा-पर्चा. जागा पुरती साफ झाली नव्हती याची याहून चांगली साक्ष मिळणार नाही. उलट पोस्ट अगदी नागडी, काचतंतूंच्या बारीक उभ्या रेघा दिसतील इतकी स्वच्छ असेल, तर सिमेंट नळीत अजून बसलेलं आहे आणि सुटला तो पोस्ट-सिमेंटमधला जोड. त्यात सीलरचा काही संबंध नाही. थरावर थर, दोन वेगळ्या रंगांचे दिसले तर जुनं सिमेंट न काढता त्यावरच नवं लावलेलं होतं. आणि कॅपच्या आतल्या कडेला तपकिरी-काळं, मऊ, दुर्गंधी येणारं काही असेल तर कॅपखाली नवी कीड शिरलेली आहे. मग पोस्ट कितीही उत्तम चिकटवलेली असती तरी हे होणारच होतं.

हा फोटो आणि ही डबी, दोन्ही डॉक्टरांकडे न्या. निखळलेली कॅप लोक टाकून देतात किंवा घासून पुसून चकचकीत करून आणतात. तसं करू नका, त्यावरचा पुरावा जातो.

दुसरा संशयित तुमच्या पत्रात कुठेच नाही, आणि मला तो सीलरपेक्षा मोठा वाटतो: हिरडीच्या बाहेर दात किती उरलाय? कॅपची कड जिथे बसते, तिथे दाताची स्वतःची शाबूत भिंत चहूबाजूंनी निदान दीड-दोन मिलिमीटर उंच हवी. कॅप त्या भिंतीला कवेत घेते आणि चावण्याचा जोर पोस्टवर जायच्या आधी तिथेच अडतो. याला आम्ही फेरूल म्हणतो. ते नसेल तर प्रत्येक घासाला पोस्ट नळीत किंचित डुलते. वरच्या पुढच्या दातांवर तर खालचे दात तिरपे, आतून बाहेर ढकलत असतात. असं रोज डुलत राहिलं की सिमेंट कुठलंही असो, सीलर कुठलंही असो, एक दिवस सुटतं. पोस्टने दात मजबूत होतो अशी समजूत फार पसरलेली आहे, डॉक्टरांमध्येसुद्धा. पोस्टचं काम वरच्या बांधणीला आधार देणं, एवढंच. दात टिकतो तो स्वतःच्या उरलेल्या भिंतींवर.

तुमचा दात 'फार किडला होता' असं लिहिलंय. म्हणून नव्या डॉक्टरांना पहिला प्रश्न हा: "फेरूल किती आहे, आणि कुठल्या बाजूला नाही?" उत्तर मिलिमीटरमध्ये घ्या. ते नसेल तर उपाय आहेत. हिरडी आणि हाडाची कड थोडी मागे सरकवता येते, किंवा तार लावून मूळ काही आठवड्यांत थोडं बाहेर ओढून घेता येतं. पुढच्या दाताला हा दुसरा मार्ग बरा, कारण हिरडीची रेघ शेजारच्या दातांशी जुळती ठेवता येते. वेळ लागतो, पण निदान त्याच त्या खड्ड्यात तिसऱ्यांदा सिमेंट ओतणं होत नाही. आणि हो, झोपेत दात खाता का? खालचे दात वरच्यांच्या मागे फार वर चढलेले आहेत का? यजमानांना विचारा, पहिल्याचं उत्तर त्यांनाच ठाऊक असतं.

तिसरी गोष्ट जरा नाजूक. दुसऱ्यांदा पोस्ट पाचच महिने टिकली. त्या दिवशी खुर्चीत किती वेळ बसला होतात? घरी हळदीकुंकू, उद्या पाहुण्या येणार, "भाऊजी, एवढं चिकटवून द्या" असं तुम्हीच म्हणाला असाल, आणि त्यांनी दोन पेशंटांच्या मध्ये, जेवायच्या सुट्टीत ते करून दिलं असेल. नातेवाइकांच्या दातांचं हे नेहमीचं आहे. केस पेपर नाही, नवा एक्स-रे नाही, रबर डॅम (लाळ अडवणारा रबराचा पडदा) नाही, आणि डॉक्टरला 'आज नको, नीट वेळ घेऊन करू' म्हणायची सोय नाही. निखळलेली पोस्ट तशीच जुन्या सिमेंटसकट पुन्हा लावली तर ती टिकण्याची अपेक्षाच धरू नये. नवं सिमेंट जुन्या, घट्ट झालेल्या, लाळेने भिजलेल्या थराला काय म्हणून धरेल? तेव्हा या दुसऱ्या अपयशासाठी लवंगेपर्यंत जायची गरजच दिसत नाही.

दुसरा प्रश्न, रूट कॅनॉल पुन्हा करावं का. सीलरचं नाव हे त्याचं कारण होत नाही. कारणं अशी असतात: मुळाच्या टोकाशी एक्स-रेवर काळी सावली, दुखणं किंवा सूज, टोकाकडचं भरण अपुरं किंवा पोकळ, किंवा भरण फार दिवस लाळेत उघडं राहणं. यातली शेवटची बाब तुमच्या बाबतीत तातडीची आहे. तीन आठवडे झाले म्हणता; पोस्टची जागा डॉक्टरांनी बंद करून दिलीय की तशीच उघडी आहे? पत्रात तसा उल्लेख नाही. उघडी असेल तर उद्याच जाऊन बंद करून घ्या. दोन-तीन महिने लाळ जात राहिली तर जंतू खालच्या भरणातूनही टोकापर्यंत पोहोचू शकतात, आणि मग रूट कॅनॉल खरंच पुन्हा करावं लागतं. बंद करताना एक सांगा: तात्पुरतं भरण युजेनॉल नसलेलं घाला. पुष्कळदा सीलरची इतकी चर्चा होते आणि मधल्या काळात तात्पुरतं भरण म्हणून तेच झिंक ऑक्साइड-युजेनॉल तिथे दाबून ठेवतात.

टोकाकडचं भरण चांगलं चार-पाच मिलिमीटर, घट्ट, सावली नसलेलं असेल, तर खालच्या भरणाला हात न लावता फक्त पोस्टची जागा नव्याने साफ करून नवी पोस्ट बसवता येते. यात सगळा जीव साफसफाईत आहे. पीसो रीमर (नळी उकरायचं फिरतं हत्यार) फिरवला की गटा-पर्चा गरम होऊन सीलरसकट भिंतीला फासला जातो. नुसत्या डोळ्यांना जागा स्वच्छ वाटते, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा चांगल्या भिंगाखाली नाही. मग अल्ट्रासॉनिकच्या टोकाने तो थर उडवायचा, 17 टक्के ईडीटीए नावाच्या द्रावणाने भुकटी विरघळवायची, युजेनॉलचा संशय असेल तर अल्कोहोलनेही पुसून घ्यायचं, शेवटी पाण्याने धुवून पेपर पॉइंटने (कागदाच्या बारीक वातीने) टिपायचं. सोडियम हायपोक्लोराइटने नळी धुतात ते जंतूंसाठी आवश्यकच आहे, पण ते शेवटचं ठेवून लगेच सिमेंट भरलं तर त्याने मागे सोडलेला ऑक्सिजनही रेझिनची साखळी अडवतो. म्हणजे लवंग नसतानाही लवंगेचाच परिणाम! हे सगळं करूनही नळीच्या तळाशी जोड कच्चाच असतो, कारण तिथे प्रकाश पोहोचत नाही, आणि सिमेंट घट्ट होताना आकसतं तेव्हा चहूबाजूंच्या भिंती त्याला ओढून धरतात. म्हणून नुसत्या प्रकाशावर अवलंबून नसलेलं, ड्युअल क्युअर सिमेंट घेतात.

रूट कॅनॉल पुन्हा करायचंच ठरलं तर सीलर इपॉक्सीचं घ्या की बायोसिरॅमिक, यात डॉक्टरांच्या हाताला जे सरावाचं आहे त्यावर मी सोपवेन. पोस्टची जागा त्याच दिवशी करायची की सीलर घट्ट झाल्यावर, यावर आमच्यात दोन मतं आहेत. इपॉक्सीला पूर्ण घट्ट व्हायला कितीतरी तास लागतात. त्याच दिवशी केलं तर ओलं सीलर भिंतीला फासलं जातं, पण अल्कोहोलने पुसताही येतं. थांबलं तर मधला काळ तात्पुरत्या भरणाच्या भरवशावर जातो. मी स्वतः थोडं थांबणाऱ्यांतला.

मग रेझिनची भानगडच नको, जुन्या पद्धतीची धातूची ओतीव पोस्ट घालून झिंक फॉस्फेट सिमेंटने बसवली तर? हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण कुणीतरी सुचवेलच. झिंक फॉस्फेट साखळी जुळवून घट्ट होत नाही, त्यामुळे युजेनॉल त्याचं तसं काही बिघडवत नाही, हे खरं. पण धातू डेंटिनपेक्षा कितीतरी पट ताठ. जोर आला की तो वाकत नाही, सगळा जोर मुळावरच उतरतो. मुळात खुंटी बसवून वर दात लावायची कल्पना फार जुनी आहे. फ्रान्सचे पिएर फोशार यांनी 1728 मध्ये सोन्या-चांदीच्या खुंट्यांबद्दल लिहून ठेवलंय. पुढे लाकडी खुंट्या आल्या, त्या ओल शोषून फुगायच्या आणि मूळ फोडायच्या. फायबर पोस्ट 1990च्या सुमारास आली ती या फुटण्याला उतारा म्हणून. तिचा ताठपणा डेंटिनच्या बराच जवळचा. ती सुटते ती सहसा अशी, तुमच्यासारखी, अख्खी हातात. चिडचिड होते, पण मूळ वाचतं आणि पुन्हा काम करता येतं. सुळ्याच्या अलीकडच्या दाताचं मूळ सडपातळ, त्यामुळे तुमच्या दाताला मी फायबरच ठेवेन.

एक तपासणी मात्र यांपैकी कशाच्याही आधी: मूळ उभं तडकलेलं नाही ना? हिरडीच्या खाचेत मोजपट्टी घालून सगळीकडून मोजलं, आणि एकाच जागी ती अरुंद, खोल शिरली, तर तडा असण्याचा संशय घ्यावा. तडा निघाला तर बाकीचा सगळा खल व्यर्थ, दात काढावाच लागतो. तेव्हा इम्प्लांटचं बोलू, किंवा शेजारच्या दाताच्या मागे पंख चिकटवून बसवायच्या ब्रिजचं. तडा नसेल, आणि फेरूल असेल किंवा करता येत असेल, तर स्वतःचं मूळ काढून टाकायची घाई का? इम्प्लांट कधीही करता येईल. काढलेलं मूळ परत बसवता येत नाही. तुमच्या मैत्रिणीचं इम्प्लांट छान चाललंय, याचा तुमच्या दाताशी संबंध नाही.

हे सगळं कुणाकडून पाहून घ्यावं? रूट कॅनॉलच्याच विषयात एमडीएस केलेल्या डॉक्टरांकडून, म्हणजे एंडोडॉन्टिस्टकडून. खर्चाची चिंता असेल तर आपल्या इंदूरच्या शासकीय दंत महाविद्यालयाचा विचार करा. रांग असेल, दोनदा-तीनदा जावं लागेल, बँकेतून अर्धी रजा काढावी लागेल.

तोपर्यंत घरी काही पथ्यं. निखळलेली कॅप फेव्हिक्विकने चिकटवायची नाही. वेडीवाकडी बसली की काढताना मूळच फुटतं, आणि ते द्रव्य तोंडात घालायचं नाहीच. नुसती खोचून झोपायचं नाही. झोपेत श्वासनलिकेत गेली तर एमवाय रुग्णालयात धावावं लागेल. आणि दुखत असलं तरी त्या खड्ड्यात लवंगेच्या तेलाचा बोळा ठेवू नका. एरवी दाढ ठणकली तर वरून थेंबभर लावायला माझी हरकत नसते, पण आठ दिवसांत जिथे रेझिन भरायचंय तिथे आपल्याच हाताने युजेनॉल कशाला ओता?

राहिले भाऊजी. यजमान म्हणतात विचारू नकोस, आणि तुम्ही म्हणता चुकलं हे कसं सांगू. दोघांनीही मनात निकाल लावून ठेवलाय. मला तर भाऊजींकडून तुम्हाला माहिती हवी आहे, कबुलीजबाब नको. सीलर कुठलं, पोस्ट कुठली, सिमेंट कुठलं, दुसऱ्यांदा लावताना जुनं काढलं होतं का, आणि त्या वेळचा एक्स-रे. हे फक्त त्यांनाच सांगता येईल, आणि त्यावाचून नवा डॉक्टर अंधारात काम करणार. यजमानांना फोन करायला लावू नका. दोन भावांच्या बोलण्यात दात बाजूला राहील. तुम्हीच व्हॉट्सॲपवर लिहा, साधं:

"भाऊजी, तो दात पुन्हा निखळला. आता जरा वेळ काढून पूर्णच नीट करून घेते आहे, इकडच्या एका डॉक्टरांकडे. त्यांना मागची माहिती हवी आहे. सीलर, पोस्ट आणि सिमेंट कुठलं होतं? तेव्हाचा एक्स-रे असेल तर पाठवाल का?"

नव्या डॉक्टरांचा अंदाज त्यात घालू नका. भाऊजी स्वतः विचारतील, "का, काय म्हणाले ते?" तेव्हा मात्र लपवू नका, जसं म्हणाले तसं सांगा, आणि पुढे विचारा, "तुम्हाला काय वाटतं?" दंतवैद्याला सीलरवर मत विचारलं की तो सहसा रागवायचं विसरतो, बोलायलाच लागतो. कदाचित ते म्हणतील, मी तर इपॉक्सीचंच वापरतो. मग सगळा संशय एका ओळीत मिटला. कदाचित म्हणतील, आठवत नाही. घरच्या पेशंटचा केस पेपर नसतो, तेव्हा हेही शक्य आहे, आणि त्यात कुणी काही लपवतंय असं समजू नका. तसं झालं तर डॉक्टरांना सांगा की युजेनॉलच होतं असं धरूनच साफ करा. जास्त खरवडायला चार-दोन मिनिटं लागतील, पण मुळाची भिंत पातळ होणार नाही इतपतच.

आणि या वेळी, कुठेही करा, पैसे देऊन करा. भाऊजींकडेच परत जायचं मनात असेल तर तेही चालेल, फक्त अपॉइंटमेंट घेऊन, बाकीच्या पेशंटांसारखं, केस पेपर काढून, आणि सीलर, पोस्ट व सिमेंट यांची नावं त्यावर लिहून घेऊन.